पंधराची तार

एल्युनेड प्रिचर्डचा फोन येतो तो रात्रीच,
बातम्या नुकत्या सुरू झालेल्या असताना.
"जिन्यावरचा गेला," एवढंच म्हणते.
कोण गेलं, असं मी आता विचारत नाही.

ब्लेनाऊच्या चढावर शेवटून दुसरं घर,
मागे पाटीच्या दगडाचे ढिगारे, भिजले की शाईसारखे.
मी पोचतो तेव्हा टीव्ही चालूच असतो,
त्याची वायर वेगळी, त्याला कुणाचं देणंघेणं नाही.
दिवे मात्र वरखाली सगळे गेलेले,
आणि ती कोट घालून खालच्या पायरीवर,
निळ्या उजेडात.

"एक दिवा मेला तर अख्ख्या घरानं सुतक का पाळायचं?"

स्वयंपाकघरात सामानाची यादी लिहायला
ग्विलिमनं खाणीतून आणलेली पाटी आहे.
'दूध, काड्यापेटी' याच्या खाली मी बल्ब काढतो.
ही तार. केसाहून बारीक, वळ्यावर वळी.
रोज तापते, रोज जराशी उडून जाते.
काचेवर काळं साचतं ना, ती काजळी नव्हे,
तारच ती.
एके ठिकाणी फारच रोड होते बिचारी.
मग तुम्ही बटण दाबता.
थंड तार अधाशी असते,
पहिल्या घोटालाच दहापट ओढते,
आणि रोड जागा तुटते.

"तुटली तर संपलं. पूल पडल्यावर गाडी कुठून जाणार?"

बरोबर. इथंच सगळे फसतात.
तुटल्या दोन टोकांत ठिणगी उभी राहते,
आतला वायूच तार होऊन बसतो.
ठिणगी टोकं खात खात मागे सरकते,
जाड दांड्यांशी पोचते,
मग अडवायला कुणी उरत नाही.
पापणी लवायच्या आत
लिंबाएवढ्या काचेतून
गल्लीभराची वीज धावते.
जिन्याखालच्या खटक्याला दिवा मेल्याचं कळत नाही.
त्याला वाटतं, भिंतीत कुठेतरी
तारेला तार भिडली.
तो पडतो. पडणं हेच त्याचं काम.

"नवा आहे, म्हणून नाजूक," ती म्हणते.
"ग्विलिमच्या वेळी बल्ब जायचे, घर जायचं नाही.
तीस वर्षं."
आणि मेणबत्त्यांच्या खणातून एक पुठ्ठा काढते,
फ्यूजच्या तारेचा, कडा मऊ पडलेल्या.
पंधराची तार संपलेली.
पाचची पुरी, एकही वेढा न सुटलेला.
"बघ," ती म्हणते, जरा मान ताठ करून,
"बारीक तार त्याला कधी लागलीच नाही."

जुनी पेटी मीच काढली होती, तो गेल्याच्या वर्षी.
चिनी मातीच्या पकडीत, पाचच्या जागी,
पंधराची तार, दोन वेढे, टोक नेटकं कापलेलं.
नीटनेटका माणूस.
वर छताच्या पोटात वायरचं रबर
बोट लावताच भुगा झालं,
आणि लाकडावर एक तपकिरी डाग होता,
बशीएवढा,
त्यांच्या पलंगाच्या बरोब्बर वर.

मी पुठ्ठा हातात घेतो. उजेडाकडे धरतो,
म्हणजे टीव्हीकडे.
"हो," म्हणतो. "चांगली तार आहे."

कपाटात अजून बावीस बल्ब,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
दुकानातून बंद व्हायच्या आधी तिनं भरून ठेवलेले.
नवे घे म्हटलं तर नाक मुरडते:
तो उजेड दवाखान्याचा.
शिडीवर चढून मी तेविसावा काढतो.
खटका वर ढकलतो.
घर एकदम येतं, कुकरी घड्याळासकट.

ती मेलेला बल्ब कानाशी नेऊन हलवते.
आत काहीतरी किणकिणतं.
"हं, हा खरंच गेला."
आणि कचऱ्यात न टाकता
अंड्यांच्या खोक्यात ठेवते,
रिकाम्या खळग्यात, टोक खाली करून.