पंचविसावा हिस्सा

आमच्या तळ्यात तेलवाहू जहाजं आहेत,
तेरा-तेरा मीटरांची. माणूस आत बसला
की छातीपासून वर बाहेरच असतो,
डोळे मात्र नेमके त्या उंचीला
जिथे खऱ्या जहाजाच्या ब्रिजवरून समुद्र दिसतो.
बंदरांचे पायलट येतात, पन्नाशीचे, पिकलेले,
पहिल्या दिवशी हसतात: भातुकली!
दुसऱ्या दिवशी हसत नाहीत.

पाणी लुटुपुटीचं नाही. वजनही नाही.
इंजिन बंद केलं तरी जहाज
आपलंच म्हणणं पुढे रेटत राहतं,
सगळे ताटावरून उठले तरी बोलणाऱ्या
माझ्या थोरल्या काकासारखं.
आणि वेळ इथे पाचपट पळते.
कॅप्टन त्सेझारी फळ्यावर वर्गमूळ काढून दाखवतो,
मला ते कधी समजलं नाही. एवढं कळतं
की नुसती पानं हलवणारी झुळूक इथे वादळ असते,
म्हणून काठाने बर्चची दाट रांग लावली आहे.
बदक आडवं आलं तर काय,
हे नियमावलीत नाही.

माझं काम शेडमधलं. पोचे भरायचे,
घासायचे, रंग द्यायचा.
संध्याकाळी बुडावरून हात फिरवला
की कळतं आज कोण काय शिकलं.

सप्टेंबरात फिनलंडहून वेइक्को हार्यू आला.
कोर्स त्याच्या बंदराने लावला होता,
चौकशी संपल्यावर.
जेवताना मीठ मागण्यापलीकडे बोलला नाही.
बुधवारी जंगलाच्या कडेने चालत गेला,
पाईनचं एक बोंड उचलून आणलं
आणि आमच्या छोट्या धक्क्यावर, तिसऱ्या खांबाजवळ,
उभं करून ठेवलं.
सात सेंटिमीटर.
पंचविसाने गुणलं, ते मलाही जमतं.
त्सेझारीने पाहिलं, काही विचारलं नाही,
सुकाणू धरून पुढे बसला.

मग तेच वळण, पुन्हा पुन्हा.
सुकाणू लवकर. सुकाणू उशिरा.
इंजिन पूर्ण मागे.
टग डावीकडून, टग दोन्हीकडून.
प्रत्येक वेळी धक्का थरथरायचा,
बोंड पाण्यात पडायचं,
आणि तो वाकून, बाही कोपरापर्यंत भिजवून,
ते बाहेर काढायचा, पुसायचा, पुन्हा ठेवायचा.
पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात.
इथे पुढचाही तोच, मागचाही तोच,
आणि मध्ये अकरा पोचे.
मी मोजले. वहीत आहेत.

बाराव्या वेळी त्याने नांगर टाकला,
वळणाच्या बराच आधी,
जिथे कुणी टाकत नाही.
जहाज गाळात खरडत, कुरकुरत वळलं
आणि धक्क्याला असं टेकलं
जसं झोपलेल्या मुलाजवळ कुणी ताट ठेवावं.
बोंड हललंसुद्धा नाही.

काठावरच्या दोघा चिलीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.
वेइक्को उठलाच नाही.
मी दोर घेऊन जवळ गेले तेव्हा म्हणाला,
मोडक्या इंग्रजीत, माझ्यापेक्षाही मोडक्या:
‘हे सुचलं होतं.
त्या दिवशीसुद्धा सुचलं होतं.
वाटलं, लोक हसतील.’
मग खूप वेळाने: ‘आर्तू. एकोणीस वर्षांचा.
दोर घ्यायला उभा होता.’

मी काय बोलणार. दोर माझ्याच हातात होता.

शुक्रवारी तो प्रमाणपत्र घेऊन गेला.
बोंड नेलं नाही.
सोमवारी नवी तुकडी आली, एका मुलीने विचारलं,
तिसऱ्या खांबाजवळ ती खूण कसली?
त्सेझारी फळा पुसत होता.
‘माणूस आहे,’ म्हणाला. ‘सांभाळून.’
तिने ते वहीत लिहून घेतलं.

ऑक्टोबरात बर्च उघडे पडले,
वारा सरळ आत यायला लागला,
एका रात्री बोंड गेलं.
मी दुसरं आणून ठेवलं.
जरासं बुटकं आहे,
पण जवळ दुसरं नव्हतं.