अठरा किलो

सेंट जॉन्स. बंदरावर धुकं, खिडकीच्या काचेला मीठ.
केलन माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान.
त्याच्या हातात घड्याळ, माझ्या छातीला पट्टा.
नाडी खोटं बोलत नाही, म्हणतो.

खोकं उचला. गुडघ्यातून, डोर्कास, कमरेतून नको.
पाच किलो. नऊ. चौदा.
दुखणं सांगा, शून्य ते दहा.
मी सहा म्हणते.
आठ म्हटलं तर काम जाईल,
चार म्हटलं तर भत्ता.

अठराला चमक निघाली, थेट टाचेपर्यंत.
खोकं मात्र फळीवर गेलं.
त्यानं रकान्यात खूण केली: ‘अधूनमधून’.

बाळा, तुझ्या खोक्याला धरायला कान आहेत.
टिझर्डबाईंना नव्हते.
न्हाणीघरात त्यांचा पाय सरकला तेव्हा
त्यांनी माझी मानच धरली,
आणि गुडघ्यातून की कमरेतून
हे ठरवायला कोणाला सवड होती?

शेवटी सही. पेन खाली पडलं.
दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.
मग तोच वाकला,
एक हात टेबलावर टेकून,
ओठ मुडपून.

किती, मी विचारलं, शून्य ते दहा?

चार, म्हणाला.
जरा लगेचच म्हणाला.