भाजल्यावर घट

रबाळ्यात, नाल्याकडे पाठ करून उभं गोडाऊन.
आत एकोणीस ड्रम, निळे, कड्या आवळलेले.
चलनावर छापलंय : मिश्र दुर्मिळ मृदा ऑक्साइड.
फोर्कलिफ्टवाला खलील त्याला नुसतं 'विटकरी' म्हणतो,
आणि बरोबरच म्हणतो.
बोटाला लागलं की नखाच्या कडेत
दोन दिवस बसून राहतं,
कौलाच्या भुकटीसारखं.

दुर्मिळ म्हणे.
सिरियम जमिनीत जवळजवळ तांब्याइतकं आहे.
वाशीच्या कॉलेजात पाठ केलं होतं, परीक्षेत आलं नाही.
दुर्मिळ आहे ते त्यांचं वेगळं होणं.
सिरियम, लँथनम, निओडिमियम, प्रेसिओडिमियम :
सामाईक सातबाऱ्यावरची चार नावं.
हिस्से पाडायला जावं
तर आम्लाच्या टाकीमागे टाकी, टाकीमागे टाकी,
आणि खर्च दिवाणी दाव्यासारखा, पिढी पुरत नाही.
म्हणून आम्ही एकत्र विकतो.
काच घासायला एकत्र चालतं.

जुनं गिऱ्हाईक एकच. वागळे इस्टेटमधले कोरगावकर,
चष्म्याच्या काचा, दुर्बिणीच्या काचा.
फोनवर हॅलो नाही. थेट, "कण किती?"
दीड मायक्रॉन, मी सांगते.
"मोठा एक जरी निघाला ना बाई,
अख्खी पाळी ओरखड्यात जाते."
मग खोकतात.
मग, आवाज उतरवून, "जहाज?"
एक न्हावाशेव्याबाहेर नांगर टाकून, अकरा दिवस.
दुसरं अजून तिकडून सुटलेलंच नाही,
परवाना कुणाच्या तरी टेबलावर.
बारा आठवडे, मी म्हणते. शेठनी तसं सांगितलंय.
मी बारा म्हणते, ते अठरा ऐकतात,
आणि अठराच लागतात.

आता वजनाचं.
लँथनम स्वभावानं वाईट नाही,
पण हवेला नाही म्हणता येत नाही त्याला.
झाकण सैल राहिलं की ओल घेतो,
आपण सोडलेला श्वाससुद्धा घेतो,
आणि मुकाट जड होतो.
चौदा नंबरचा ड्रम मार्चमध्ये पंचवीस किलो.
ऑगस्टात पंचवीस किलो सहाशे दहा ग्रॅम.
कुणी चमचाभर टाकलं नव्हतं.
वासवानी शेठ हसले : "भाव किलोवर आहे, दामिनी.
तो रकाना कोरा सोड."

माझे बाबा घणसोलीच्या मिठागरावर तोलणारे.
पोत्यामागे दोन मुठी जास्त टाकायचे, न सांगता.
व्यापारी हसायचा, मुकादम शिव्या द्यायचा.
"पान्याचं पैसं घ्यायचं नाय," एवढंच बोलायचे.
ते मिठागर आता कुठल्या कंपनीच्या पार्किंगखाली आहे
मला नेमकं दाखवता येणार नाही.

दोन ग्रॅम घेतले. मुशीत, हजार अंशांवर, तासभर.
मूस बाहेर काढली तेव्हा आतला रंग
गूळ करपावा तसा गडद.
काचेच्या बरणीत गार होऊ दिली,
कारण गार होता होताही हा हावरा हवा पितो.
काट्यावर : एक पूर्णांक नऊशे बावन्न.
काटा स्थिर होईपर्यंत मी श्वास धरला होता,
ही सवय आहे, बाकी काही नाही.

भाजल्यावर घट : दोन पूर्णांक चार टक्के.
लिहिलं. खाली सही.

शेठनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.
जुना, काचेचा, जड.
कागद लांब धरला, जवळ धरला.
बाहेर खलीलनं रिव्हर्सचा भोंगा वाजवला.
"सहाशे दहा ग्रॅम," शेठ म्हणाले,
जणू ते कुणा ओळखीच्या माणसाचं नाव होतं.
मग म्हणाले, चहा सांग.

चौदा नंबरचं झाकण मी स्वतः ठोकून बसवलं.
कडेनं टेप, तीन वेढे.
टेप दातांनी तोडली,
जिभेवर जरा विटकरी चव आली.
कोरगावकरांना फोन उद्या करीन.
ते विचारतील, "कण किती?"