टोळीतला एक माणूस

काचेवर चार मायक्रॉनचा काप.
केंद्रकांनी तपकिरी व्हायला हवं होतं,
तेवढ्यासाठीच तर तो रंग.
ती निळीच राहिली, हजारोंनी,
आणि मधून गेलेल्या एका केशवाहिनीची भिंत तेवढी
तपकिरी ठिपक्यांची.
म्हणजे रंग खोटा नव्हता.
तरी मी तीनदा लावून पाहिला.

तनिष्का संपत शेलार. वय एक वर्ष, दोन महिने.
उजवं मूत्रपिंड.

खारघरच्या आमच्या इमारतीत
पॅथॉलॉजिस्टला भेटायला कोणी येत नाही,
आम्ही कागदाच्या मागे असतो.
तो आला. भर दुपारी, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारातून थेट,
खांद्याला गोणीचे धागे चिकटलेले,
हातात चुंभळीचं फडकं.
"वरच्या डॉक्टर म्हणाल्या, तुमी बघितलंय तिला.
आतनं."

दोन मीटरचा धागा, मी म्हणाले,
सुईच्या टोकाहूनही बारीक जागेत,
आणि बोलता बोलता हवेत काहीतरी गुंडाळत राहिले.
"म्हंजे थप्पी," तो म्हणाला.

हो. थप्पी.
हवी ती गोणी बाहेर काढायची, वाट करायची, परत रचायची,
त्यासाठी पेशीत एक टोळी असते, दहा-बारा जणांची.
तिच्या टोळीत एक माणूस नाही.

"बदली?"

हजेरीवर त्या कामाला दोन नावं होती.
दोन्ही खोडली गेलीत.

म्हाताऱ्यांच्या गाठीत शंभर ठिकाणी फाटलेलं असतं.
हिच्यात एकही गोणी फुटलेली नाही
(हे मला अजून पचत नाही),
सगळा माल जागच्या जागी,
फक्त आपण कोण व्हायचं ते ज्या गोणीत होतं
ती तळाशी अडकली, आणि पेशी
कोणीच न होता वाढत राहिल्या.
शिवाय गाळ्याला कुलपं लावणारा एक असतो.
एरवी टोळी त्याला आवरते.
आता तो दिसेल त्या दाराला कुलूप घालत सुटलाय.

बाहेरून मेट्रो गेली पेंधरकडे, जवळजवळ रिकामी.
त्यानं टेबलावर अंगठ्यानं
नसलेल्या गोण्या रचल्या, एकावर एक.
"आमच्यात गडी कमी पडला म्हणून काम थांबत न्हाई, मॅडम.
मुकादम थांबू देतोय व्हय?
त्याचं वझं शेजारच्यावर पडतं.
शेजारचा रेटतो, कमरेत वाकून.
रोजच्याला त्याला धक्का लागला तर काय न्हाई,
पण त्या दिवशी लागला,
की समदी थप्पी खाली."
मग माझ्याकडे बघून,
"ह्या गाठीत त्यो शेजारचा कोण?"

तिसऱ्या मजल्यावर चार जण सहा वर्षं
हाच प्रश्न विचारतायत.
त्याला आम्ही लांबलचक नाव दिलंय,
त्या नावावर अनुदान येतं.
धडधाकट पेशीची टोळी पुरी,
तिचा शेजारचा गेला तरी तिचं भागतं.
गाठीचं भागत नाही.

एक-दोघांवर संशय आहे, मी सांगितलं.
आणि कुलूपवाल्याचा हात धरणारं एक औषध आहे.
काही मुलांना लागू पडतं.
काही महिने.

'काही' हा शब्द त्यानं उचलून पाहिला,
तोलला,
खाली ठेवला.

जाता जाता म्हणाला, बघू का जरा?
मी स्टूल खाली केलं, फोकस लावून दिला.
बराच वेळ तो श्वास न घेता बघत होता.
"ह्ये तपकिरी काय?"
रक्तवाहिनी. तिची स्वतःची. ती चांगली आहे.
"ही आपली पोर," तो म्हणाला,
बोट काचेला लागू न देता.

निळंही तिचंच आहे,
हे मी बोलले नाही.

तो गेल्यावर आयपीसवर घामाचं एक वर्तुळ राहिलं होतं.
रिपोर्ट लिहायचा होता.
पुसायला मी फडकं घेतलं,
आणि तशीच बसले, कांद्याचा वास येत होता.