रात्री नऊ

मेणकापडावर नकाशा पसरला. चार कोपऱ्यांना
मीठदाणी, बारा नंबरचा पाना, सागिनचा चष्मा
आणि अर्धी उरलेली गोल रोटी.
आमच्या नारिनमध्ये रोटी उलटी ठेवत नाहीत,
म्हणून झिपारनं येऊन आधी ती सुलटी केली,
मग विचारलं, किती जण?

तीन जण. दोन गाड्या.
सागिनची निळी उआझ, जिचं दार आतून दोरीनं बांधावं लागतं,
आणि तोक्तोसुनची जपानी, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली,
जिच्या हीटरचं कौतुक तो
नव्या जावयाचं करावं तसं करतो.

बाहेर उणे एकोणतीस.
बॅटरी काढून आत आणलीय. शेगडीपाशी निजलीय
आजारी कोकरासारखी, अंगावर जुना कोट.

निघायचं पहाटे चारला, कारण
पहाटे नदी गाढ झोपलेली असते.
दुपारी ऊन खाली उतरलं की ती बर्फाखालून बोलायला लागते,
आणि नदी बोलायला लागली
की चाकांनी काठावरूनच ऐकावं.
पहारीनं आधी ठोकून बघायचं. आवाज जाड आला तर पुढे.
चढापूर्वी टायरमधली हवा अर्ध्यावर.
"उंटाचे पाय करायचे," सागिन म्हणतो,
"पसरट, मऊ, बिनघाईचे."
जॅकखाली ठेवायला फळी. दोरखंड. साखळ्या. वाळलेल्या दह्याच्या गोळ्या.
फावडं सगळ्यात वर.
फावडं सगळ्यात वर.
दोनदा लिहिलं, कारण गेल्या जानेवारीत
ते बटाट्यांच्या पोत्याखाली होतं
आणि आम्ही तव्यानं बर्फ उपसला.

तिकडं कुणी आजारी नाही. कुणाचं जनावर हरवलेलं नाही.
खिंडीपलीकडे एक रिकामी खोप
आणि आपापलं चरणारे बारा-चौदा याक.
मग कशाला जाता, शेजारी विचारतात.
सागिन म्हणतो, इंजिनाला सवय राहावी म्हणून.
तोक्तोसुन म्हणतो, फोटो.
मी काही म्हणत नाही. मला ती दोन मिनिटं हवी असतात,
वर पोचून चावी फिरवल्यावर,
जेव्हा इंजिन बंद झालेलं असतं
आणि कानांना ते अजून कळलेलं नसतं.

परत कधी फिरायचं, यावर चहाच्या दोन किटल्या संपल्या.
एकपर्यंत खिंड आली नाही, तर?
"तर थोडं पुढे बघू," तोक्तोसुन.
त्याच्याआधीची दोन मुलं गेली,
म्हणून आईबापांनी नाव ठेवलं त्याचं: थांबो.
हा तरी थांबो.
एकोणचाळीस वर्षं झाली,
तो थांबलेला अजून कुणी पाहिला नाही.
मी कागदावर एक लिहिला,
त्याभोवती गोल केला, पेन्सिल त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली.

झिपार इतका वेळ कणीक मळत होती.
"तिथं फोन लागत नाही ना?"
नाही.
"मग मला एवढंच सांगा,
मी किती वाजता भ्यायचं?"

एवढ्या यादीत हे कुणीच लिहिलं नव्हतं.

सागिन म्हणाला, सात. मग म्हणाला, सात लवकर होतील,
एखादं टायर, एखादा भुसभुशीत उतार...
तोक्तोसुन म्हणाला, सकाळी.
ती नुसती बघत राहिली त्याच्याकडे.
शेवटी नऊ ठरले.
नऊला ती आसानकुलचं दार वाजवणार, ट्रॅक्टरवाल्याचं.
साडेआठला नाही; तेवढा वेळ आमचा.
नऊ-पाचलाही नाही; तो तिचा.
पीठभरल्या बोटानं तिनं भिंतीवर आकडा काढला,
घड्याळाच्या खाली, जरा तिरका.

मग रोटी उचलून एकेकाच्या तोंडापुढे धरली.
आमच्याकडे निघणाऱ्यानं एक घास तोडायचा,
उरलेली खुंटीला टांगून ठेवायची, तो परत येऊन खाईपर्यंत.
"अगं, निघायचंय परवा," मी म्हटलं.
"परवा पहाटे मी झोपेत असेन," ती म्हणाली. "चावा."

रोटी हलली तसा नकाशाचा तो कोपरा
आपोआप गुंडाळत आला
आणि खिंडीवर येऊन थांबला.

सागिन उठला, बॅटरीवरचा कोट
नीट केला.