पाव फेरा

दक्षिणेच्या आभाळात ध्रुव नाही.
अढळपद आहे,
त्यावर कुणी बसलेलं नाही, एवढंच.

बाप जमिनीला गाल लावून
बिजागरीवर चिकटवलेल्या पेनच्या रिकाम्या नळीतून
ती मोकळी जागा शोधतो.
त्रिशंकूची लांब दांडी खाली ओढायची साडेचारपट,
मग किंचित डावीकडे,
मग एक शिवी,
मग पुन्हा पहिल्यापासून.

फ्लोरिस यान्चिस, कारूच्या पठारावरचा मेंढ्या कातरणारा.
दिवसाला शंभर मेंढ्या, आणि एकीच्याही कातडीला ओरखडा नाही.
त्याचं यंत्र म्हणजे दोन फळ्या,
कोंडवाड्याच्या जुन्या फाटकाची एक बिजागरी
आणि बारीक आट्यांचा एक बोल्ट.
मिनिटाला एक फेरा दिला
की वरची फळी पृथ्वीच्या उलट सरकते,
पृथ्वीइतक्याच वेगानं.

मोटर? मोटर म्हणजे मी.
दर पंधरा सेकंदांनी पाव फेरा.
अंगठा आणि पहिलं बोट, बाकी अंग दगड.

कॅमेरा ब्युफर्ट वेस्टच्या एका दंतवैद्याकडून आलेला,
एका हंगामाच्या मजुरीत,
लेन्सच्या कोपऱ्यात बुरशी फुकट.
लेन्सच्या गळ्यात आईचा मोजा,
मोज्यात चुलीवर तापवलेले तांदूळ,
काचेवर दव धरू नये म्हणून.
माझ्या बोटांना मोजा नव्हता.

जुलै. पहाटेचे तीन.
वृश्चिक आमच्या पत्र्याच्या छपराकडे उतरत होता,
नांगी वर, डोकं खाली,
ज्येष्ठा विझत आलेल्या निखाऱ्यासारखी.
बाप म्हणाला, चार मिनिटं.
आणि बटण दाबून मोजू लागला,
फाटकातून मेंढ्या सोडताना मोजतो तसा,
ओठातल्या ओठात.

पाव.
पाव.
वाऱ्यावरचा पंप एकदा कण्हला आणि थांबला.
पाव.

सातव्या की आठव्या पावाला
स्वयंपाकघरात दिवा लागला.

घराला आदल्या संध्याकाळीच ताकीद दिलेली होती.
बापाचं मोजणं अडखळलं.
ओरडला असता, पण ओरडल्यानं फळी हलते
अशी त्याची समजूत.
माझ्याकडे पाहिलं त्यानं.
मी काय करणार? माझ्या हातात पृथ्वी होती.
मी पाव फेरा दिला.

खिडकीत आई दिसत नव्हती,
तिची सावली दिसत होती, वाकलेली,
आणि बाटली चोखल्याचा आवाज,
एवढ्या लांबून, एवढ्या थंडीत
बाटली चोखल्याचा आवाज.
त्या आठवड्यात एक मेंढी कोकरू टाकून मेली होती.

पाव. पाव. पाव.
दिवा गेला. मग बटणही सुटलं.

फोटोत तारे टाचणीच्या टोकाएवढे.
एकही लांबलेला नाही.
बापानं भिंग लावून पाहिलं, मला काही बोलला नाही,
पण पाठीवर हात ठेवला, मेंढीवर ठेवतात तसा.
आणि खाली आमचं घर:
पुसट, सरकलेलं, ओल्या बोटानं फासल्यासारखं.
आकाश धरलं की जमीन सुटते,
हे त्याला ठाऊक होतं. दिवा ठाऊक नव्हता.
काळ्या भिंतीतून तिरकी वर चढलेली
एक पिवळी रेघ,
भाताच्या शितापेक्षा लहान.

'नासला,' बाप म्हणाला.
आईनं हात पुसले, फोटो खिडकीशी नेला.
रेघेवर नख ठेवलं.
'ही मीच ना?'
बाप गप्प.
'म्हणजे मी दूध पाजत होते
तेवढ्यात घर इतकं फिरलं?'
'घर नाही. सगळंच,' मी म्हणाले.
तिनं नख उचललं नाही.

कोकरू त्याच दुपारी गेलं.
फोटो चुलीवरच्या फळीवर आहे, कडा पिवळ्या पडल्यात.
बापाचे बरे फोटो दुसऱ्या खोलीत, काचेत.
पाहुणे ते बघतात.
आई भाकरी भाजता भाजता कधी मान वर करते
आणि वृश्चिकाकडे न बघता
खाली, कोपऱ्यात बघते.

मला आता मोटर घेऊन देणार आहे बाप.
पुढच्या हंगामानंतर, म्हणतो.
अंगठ्याला अजून सवय आहे.
बसल्या जागी, बसमध्ये, प्रार्थनेच्या वेळी,
मधेच तो थोडासा वळतो.