पुढचं डावं चाक

इथे वाऱ्याला कुणी विशेषणं लावत नाही.
तो पश्चिमेकडून येतो, सप्टेंबरात येतो, मार्चपर्यंत राहतो.
पत्रे नेतो, टोप्या नेतो.
एकदा दोरीवरची चादर नेली, ती चौथ्या कुंपणाला सापडली,
मेंढ्यांनी काठ खाल्लेली.
पातागोनियातली माणसं म्हणून जरा तिरकी चालतात,
घरातसुद्धा.

आउरेलियोला जाऊन दोन हिवाळे झाले.
त्याचा ट्रक अंगणात, विटांवर.
निळा होता. वाळू मारते त्या बाजूने आता नुसतं लोखंड.
त्रेलेऊचा भंगारवाला दोनदा आला,
दोन्हीदा त्याला माते पाजून परत धाडला.

मग नेऊएन आला, बहिणीचा मुलगा.
"मावशी, पुढचं डावं चाक हवंय.
चाक नको, त्यामागचा हब."
कशाला?
"वाऱ्याला जुंपायचंय."

दोन दिवस मी त्याच्या वाऱ्यालाही उभी राहिले नाही.
तिसऱ्या दिवशी जॅक मीच काढून दिला.

गंज वरवरचा होता. आत ग्रीस तसंच,
मधासारखं.
बोटाने ढकललं तर हब अकरा वेळा फिरला.
आउरेलियो ग्रीस कधी वाचवायचा नाही.
बाकी सगळं वाचवायचा, बोलणंसुद्धा.

पाती नळयोजनेच्या पाइपाची केली,
ज्या योजनेची फीत कापली, फोटो निघाले,
पाणी तेवढं आलं नाही.
पाइप उभा चिरला, कडा कानशीने घासल्या.
चुंबकं बंद वसतिशाळेच्या स्पीकरमधली,
ज्यांतून राष्ट्रगीत खरखरायचं.
तार माझ्या वॉशिंग मशीनच्या मोटरीतली.
एका वेटोळ्याला ऐंशी फेरे. तो गुंडाळायचा, मी मोजायचे.
छप्पन्नला एल्सिरा आली, लोकरीचा भाव सांगत बसली,
मी नुसती मान हलवत राहिले, ओठ मिटून.
ते वेटोळं ब्याऐंशीचं झालंय असं मला अजून वाटतं.
नेऊएनला सांगितलेलं नाही.

पहिल्याच रात्री ते सुटलं.
पहाटे तीनला एक पातं खुराड्यातून आरपार.
कोंबडी एकही मेली नाही,
पण आठवडाभर अंडं म्हणून दिसलं नाही.
नेऊएन शिडीच्या मधल्या पायरीवर बसून होता, डोळे पुसत.
वाऱ्यानं असेल म्हणाले मी.
इथे सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी असतं.

दुसऱ्या वेळी शेपूट ट्रकच्या दाराचं कापलं,
बिजागरीही त्याच दाराची.
दारावर त्याने स्वतःचं नाव रंगवलं होतं, त्यातलं
'लियो' तेवढं वर गेलं.
वारा फार झाला की ते आता तोंड फिरवून घेतं.
आउरेलियोलाही भांडणात तेवढंच यायचं.

दिवा एकच लागतो, टपाखालचा तो छोटा,
ज्याच्या उजेडात तो पावत्या वाचायचा.
स्वयंपाकघरात पहिल्यांदा लागला तेव्हा
चुलीमागची भिंत दिसली.
दोन वर्षं ज्याला मी अंधार समजत होते
ती काजळी निघाली.
तीन दिवस घासत होते.

संध्याकाळी वारा पडायला लागतो
तसा बेअरिंगचा आवाज उतरत जातो,
तिसऱ्यातून दुसऱ्यात,
ओढ्याच्या उताराला तो गिअर टाकायचा तसा.
म्हातारा कुत्रा उठतो, फाटकापर्यंत जातो.
मी त्याला हाक मारत नाही.

जूनमध्ये नेऊएन कोमोदोरोला जाईल, कामावर.
मग शिडी कोण चढणार, म्हणून एल्सिरा विचारते.
गुडघे माझे असे.
ग्रीसचा डबा मात्र आणून ठेवलाय,
मोठा.